कॉलेजात पोरं परकी का राहतात? बेळगाव भागातल्या कॉलेजांनो, या चुका टाळा

जुलै ऑगस्टमध्ये बेळगावच्या कॉलेजांत नवीन पोरं येतात, कोण खानापूरच्या जंगलाकडनं, कोण निपाणी चिकोडीचं, कोण गोकाक बैलहोंगलचं, पलीकडनं चंदगडची पोरं तर कायमच येतात, आणि इंजिनिअरिंग मेडिकलला बिहार, ईशान्येकडची राज्यं, मलेशिया असं कुठनं कुठनं येतात. मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी सगळं एका वर्गात. मग स्वागत समारंभ होतो, एक लावणी, एक डोळ्ळू कुणित म्हणजे कन्नड ढोलनाच, सगळ्यांना फेटे, फोटो. आणि दिवाळीपर्यंत बघा, वर्गाचे दोन तुकडे पडलेले असतात, स्टाफरूमचेही पडलेले असतात, आणि दोन चार पोरं गुपचूप कॉलेज सोडून गेलेली असतात.

कार्यक्रम करू नका असं मी म्हणत नाही, करा की. पण पोरग्याला हे कॉलेज आपलं वाटतंय की नाही हे ऑफिसच्या खिडकीवर ठरतं, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये ठरतं, मेसच्या टेबलावर ठरतं. तिथं काय चुकतं आणि काय करता येतं तेवढंच लिहितोय.

नोटीस लावली म्हणजे कळवलं, असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. राज्य कर्नाटक, कामकाज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये येणार, त्यात वावगं काही नाही. पण दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकलेल्या पोरीला कन्नड बोलता येतं, बाजारात भागतं, मात्र सरकारी कन्नड वाचून अर्थ लागेलच असं नाही. स्कॉलरशिपची नोटीस लागते, एसएसपी म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो, आधार बँकेला जोडलेलं पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, आणि हिला कळतं तेव्हा तारीख गेलेली असते. खिडकीवर विचारायला गेली तर "नोटीस बोर्डावर हाय, बघ जा" म्हणून परत पाठवतात. ती परत त्या खिडकीवर जात नाही हो, वर्षभर जात नाही.

उपाय फार मोठा नाही. पैशाची, परीक्षेची आणि हॉस्टेलची नोटीस असेल तर खाली दोन ओळी मराठीत आणि दोन इंग्रजीत घाला: काय भरायचं, कधीपर्यंत, कुणाला भेटायचं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच व्हॉइस मेसेजमध्ये टाका, कारण ऐकून सगळ्यांना कळतं. फॉर्मच्या दिवसांत ऑफिसबाहेर एक टेबल टाकून दोन्ही भाषा येणारी दोन सीनियर पोरं बसवा, खिडकीवरची निम्मी गर्दी आणि निम्मी भांडणं तिथंच संपतात.

आता उलट बाजू, आणि हे आपण मराठी लोकांनी मनावर घ्यायला पाहिजे. जिथं मॅनेजमेंट मराठी, निम्म्याहून जास्त स्टाफ मराठी, तिथं सर शिकवता शिकवता मराठीत घसरतात, उदाहरण मराठीत, विनोद मराठीत, अख्खा वर्ग हसतो आणि सौंदत्तीहून आलेली पोरगी खाली मान घालून बसते. तिला जे वाटतं तेच आपल्या पोरांना दुसरीकडं वाटतं, यात काही फरक नाही. शिकवायची भाषा ठरलेली असेल तर मुद्दा आधी त्या भाषेत पुरा करा, मग मराठीत सांगा, मग कन्नडमध्ये एकदा. स्वतःला येत नसेल तर वर्गातल्याच कुणाला तरी सांगायला लावा, त्या पोराचाही मान वाढतो.

व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' म्हणून रोजच्या वापरातल्या कन्नडचा विषय आहे. तो नुसता पास होण्यापुरता घेऊ नका, जोड्या लावा, कन्नड पोरगं शिकवेल आणि बदल्यात मराठी किंवा हिंदी शिकेल. हा विषय नसलेल्या कॉलेजातही हे जमतं.

"तुमचे तुम्ही ग्रुप करा"

असं सांगितलं की गावाचे, भाषेचे, जातीचे ग्रुप होतात, दुसरं काही होत नाही. बॅच सरांनीच पाडायच्या. फक्त एक सांभाळा, चार जणांत एकटं पोरगं वेगळ्या भाषेचं टाकू नका, शक्यतो दोघं दोघं टाका. एकटं पडलेलं पोरगं वही लिहायचं काम घेतं आणि गप्प बसतं, बाकीच्यांना वाटतं त्याला इंटरेस्ट नाही. महिन्या दोन महिन्यांनी बॅच बदला.

कुणालाही "तुमच्यांचं काय म्हणणं" विचारणं

1 नोव्हेंबर जवळ आला की हे सुरू होतं. 1956 ला राज्यं नव्यानं झाली, त्या दिवशी इकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषिकांचा काळा दिवस एकाच शहरात असतो, बेळगावसह सीमाभाग मिळावा म्हणून महाराष्ट्रानं 2004 ला घातलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे, हे सगळं मोठ्यांचं. अठरा वर्षाच्या पोराला भर वर्गात उभं करून "तू मराठी नव्हे का, मग सांग बघू" म्हणणं चूक आहे, आणि कन्नड पोराला विचारणं पण तेवढंच चूक. ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलेल.

हॉस्टेल असेल तर वॉर्डननं ऑक्टोबरमध्येच दोन्हीकडच्या चार समजूतदार पोरांना चहाला बोलवून घ्यावं. स्टेटस, घोषणा, झेंडे याबद्दल जो नियम असेल तो सगळ्यांना एकच, आणि आधी सांगितलेला. भांडण झालंच तर कुणी मारलं, कुणी शिवी दिली एवढंच बघा, भाषेवरनं दोषी ठरवू नका. आणि बाहेरच्या पुढाऱ्यांना कॅम्पसमध्ये घेऊ नका, कुठल्याच बाजूच्या, ते आले की पोरांचं भांडण पोरांचं राहत नाही.

गैरहजेरीचा अर्थ चुकीचा लावणं

क्लब, नाटक, सेमिनार सगळं संध्याकाळी पाच नंतर ठेवतात आणि मग म्हणतात खेड्यातल्या पोरी भागच घेत नाहीत. अहो पाच नंतर थांबली तर गावची शेवटची बस जाते. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा भूतरामनहट्टीचा कॅम्पस तर शहराबाहेर हायवेला, म्हणजे आधी बेळगाव गाठायचं आणि मग पुढं. चंदगडच्या पोरीचं अजून वेगळं, जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली पण ती महाराष्ट्रातली म्हणून तिला तिकीट पडतं, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला नाही. कार्यक्रम दुपारच्या सुट्टीला जोडून घ्या किंवा शनिवारी, आणि पिकनिकची वर्गणी ठरवताना हे ध्यानात ठेवा.

जात सगळ्यांसमोर उघडी करणं

एससी एसटी स्कॉलरशिपची यादी वर्गात नावं घेऊन वाचू नका. ज्याला त्याला बोलवून सांगा, नाहीतर मेसेज करा. आडनाव ऐकून "म्हणजे तुम्ही कोण" विचारायची आपल्याकडं सवय आहे, मास्तरांनी तरी ती सोडावी, विचारणाऱ्याला ते साधं वाटतं पण पोरगं रात्रभर त्याच विचारात असतं. यूजीसीनं 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी बघणारा अधिकारी सांगितलाय. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे हे पहिल्या वर्षाच्या कुठल्याही पाच पोरांना विचारून बघा, कळेल काम चाललंय का नाही.

अपंग पोरांचं पण तसंच, रॅम्प दारात असतो आणि परीक्षेचा नंबर दुसऱ्या मजल्यावर येतो. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय, त्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अॅडमिशनलाच सगळ्यांना विचारा की काही सोय लागते का.

स्टाफला विसरणं

गेस्ट लेक्चरर शिकवतो तेवढंच पण स्टाफच्या ग्रुपवर त्याचा नंबर नसतो, मिटिंगला बोलवत नाहीत, बसायला स्वतःची खुर्ची नसते. ज्याला स्वतःलाच इथं उपरं वाटतं त्यानं पोरांना आपलंसं करावं ही अपेक्षा कशी करायची? ग्रुपवर घ्या, नावाची पाटी लावा, टाइमटेबल ठरवताना विचारा. आणि शिपाई मामा, झाडणाऱ्या अक्का, वॉचमन यांची पहिल्या दिवशी पोरांना नावानिशी ओळख करून द्या. जिन्यात बसून रडणारी पोरगी प्राचार्यांच्या आधी अक्कांना दिसते, "काय झालं गे, जेवलीस काय" असं त्याच विचारतात. फक्त पुढं कुणाला सांगायचं हे त्यांना माहीत पाहिजे.

तक्रारपेटी रिकामी म्हणून खूश होणं

पेटी प्राचार्यांच्या केबिनबाहेर, वर सीसीटीव्ही, मग कोण चिठ्ठी टाकणार? ती लायब्ररीत किंवा लेडीज रूममध्ये हलवा. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीतल्या बायकांची नावं नंबर लावा, रॅगिंगची हेल्पलाइन 1800-180-5522 हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर तिन्ही भाषांत लिहा. आणि तक्रार आली की आठवड्याच्या आत त्या पोराला बोलवून सांगा की इथपर्यंत आलंय, निकाल लागला नसला तरी सांगा, कारण एकदा विचारून काहीच उत्तर मिळालं नाही तर ते पोरगं दुसऱ्यांदा तर येत नाहीच, आपल्या मित्रांनाही येऊ देत नाही.