वेळेआधी निवृत्ती घेताय? बेरजेतल्या या चुका टाळा

पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडण्याचा विचार करणारे जळगाव, भुसावळ, धुळे इथले अनेक जण सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या वहीत एक बेरीज मांडलेली असते. भविष्य निर्वाह निधी, ठेवी, घरातले सोने आणि गावाकडची शेती असे सारे त्यात धरलेले असते. बेरीज बरोबर असते, पण गरजेच्या दिवशी हा सगळा पैसा हाती येईल, हे गृहीत धरणे चुकीचे असते.

सर्वांत महागात पडणारी चूक मी घरातच पाहिली आहे. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग एका पतसंस्थेत ठेवला, कारण व्याज बँकेपेक्षा जास्त होते आणि संचालक ओळखीचे होते. मुदत संपली तोवर संस्था बुडीत निघाली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या पावत्या घेऊन ते कितीतरी वेळा त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढले आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतले. बँकेतील ठेवींना, मग ती सहकारी बँक असली तरी, २०२० पासून प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. नोकरी सोडण्याआधी आपल्या प्रत्येक पावतीवर संस्थेचे पूर्ण नाव वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शेतीच्या उत्पन्नाबाबतही असेच होते. रावेर-यावल पट्ट्यात निसवलेली केळीची बाग मे-जूनच्या एका वादळात आडवी होते, आणि भाव टिकेलच याची खात्री नसते. म्हणून शेतीचे उत्पन्न घरखर्चात न धरता वरकड समजावे. दागिने तर बेरजेत घेऊच नयेत. मोडताना घडणावळ जाते, आणि बहुतेक घरांत ते मोडले जातच नाहीत.

नियमांतील वयाची अट अनेकांच्या लक्षात येत नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत १० वर्षांची सेवा झाली असेल तर ५० व्या वर्षापासून निवृत्तिवेतन घेता येते, परंतु ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते, म्हणजे पन्नाशीतच घेतल्यास चतुर्थांशाहून अधिक रक्कम कायमची कमी होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणपणे ६० नंतर, तर निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ५५ पासून खुली आहे. मधली वर्षे कशावर काढायची, हे आधी ठरवायला हवे.

बाजाराचा फटकाही सुरुवातीच्या वर्षांतच जास्त बसतो. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० वर पोहोचलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला. त्या दिवसांत घरखर्चासाठी ज्यांना म्युच्युअल फंडाची युनिटे विकावी लागली, त्यांच्याकडे बाजार सावरला तेव्हा वाढायला तेवढी युनिटेच उरली नव्हती. दोन-तीन वर्षांचा खर्च बँकेच्या ठेवींत वेगळा असेल तर ही वेळ येत नाही. महागाई ६ टक्के धरली तर आजचा ४०,००० रुपयांचा मासिक खर्च १२ वर्षांत ८०,००० होतो, हेही वहीत मांडावे.

कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या किमान ३ वर्षे आधी घ्यावी आणि अर्जात आजार लपवू नये.