स्वागतयात्रेच्या क्लिपा जोडायला बसण्याआधी

पाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वराची पालखी निघते आणि लोक घरी परतून श्रीखंड-पुरीला बसेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘व्हिडिओ कधी टाकताय?’ चित्ररथ, लेझीम, ढोलपथक, नऊवारीत बुलेटवर निघालेल्या बायका, असं सगळं पाच-सहा जणांच्या फोनांत आणि एखाद्या कॅमेऱ्यात विखुरलेलं असतं. ते एफएफएमपेगने, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायच्या व्हिडिओच्या साधनाने, जोडायचं ठरलं असेल तर तयारी यात्रेच्या आधीच्या आठवड्यातच करून ठेवा. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे मुक्त साधन अफाट आहे, फुकट आहे आणि तोंडाने फटकळ आहे. त्याच्या बहुतेक फटकाऱ्यांचं मूळ एकच असतं: फायलीत काय आहे हे न विचारता आपण कामाला लागलेलो असतो.

पहिल्यांदा साधन तपासा. ‘-एन्कोडर्स’ देऊन येणाऱ्या यादीत ‘लिबएक्स२६४’, म्हणजे व्हिडिओ एच२६४ पद्धतीने दाबून लिहिणारा एन्कोडर, दिसायला हवा. काही लिनक्स वितरणांच्या मूळ पॅकेजमध्ये तो पेटंटच्या कटकटीमुळे नसतो, आणि मग ऐन वेळी ‘अननोन एन्कोडर’ असं उत्तर मिळतं. मराठी उपशीर्षकं छापायची असतील तर ‘-फिल्टर्स’च्या यादीत ‘सबटायटल्स’ आहे का तेही आत्ताच बघा.

मग माणसांची तयारी. चित्रण करणाऱ्या प्रत्येकाला आधी निरोप द्या: फोन आडवा धरा, १०८०पी आणि ३० फ्रेम ठेवा, एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारी सोय) बंद करा. शेवटची सूचना कुणी मनावर घेत नाही, पण एचडीआर क्लिप साध्या क्लिपांत तशीच मिसळली की भगवे फेटे धुऊन निघाल्यासारखे फिकट दिसतात, आणि ते रंग परत आणण्याची उठाठेव वेगळीच. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी पाठवली तर ती दाबून बारीक होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते. त्याहून मोठी असेल तर सरळ पेनड्राइव्ह घेऊन या म्हणावं, एकाच सोसायटीत तर राहतो. कॅमेरावाल्याच्या कार्डावर एकाच चित्रणाचे तुकडे दिसले तर घाबरू नका. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो. ते सगळे तुकडे हवेत, पहिला तेवढा नको.

आलेल्या फायलींना नावं देताना रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा एवढंच वापरा. नावातल्या मोकळ्या जागा, अवतरणचिन्हं आणि कंस टर्मिनलवर हमखास नडतात. क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी द्या, नाहीतर १० नंबरची क्लिप २ च्या आधी येऊन बसते. मूळ फायली एका फोल्डरमध्ये ठेवून त्याला हात लावायचा नाही. काम दुसऱ्या फोल्डरमध्ये. आज्ञेत ‘-वाय’ लिहायची सवय असेल तर सोडा. तो न विचारता जुनी फाइल पुसून नवी लिहितो. त्याच्याऐवजी ‘-एन’ लिहा, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर काम तिथेच थांबतं. डिस्कवरच्या जागेचा हिशोबही आधी करा: सेकंदाला ५० मेगाबिटच्या चित्रणाचे तासाला साडेबावीस जीबी होतात, आणि कामाच्या मधल्या फायलींना जवळपास तितकीच जागा पुन्हा लागते.

आता मुख्य काम, एफएफप्रोब, म्हणजे एफएफएमपेगसोबत येणारं फायली तपासायचं साधन. प्रत्येक फाइल त्यातून काढा आणि उत्तरं एका वहीत किंवा तक्त्यात लिहा. एमपी४ आणि एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र एच२६४ पद्धतीने दाबलेलं आहे की एचईव्हीसी, हे झाकण बघून कळत नाही. तेव्हा कोडेक (ही दाबण्याची पद्धत), लांबी-रुंदी, पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत), फ्रेमदर, फिरवल्याची नोंद आणि आवाजाचा सॅम्पलदर, एवढं तरी टिपून घ्याच. फ्रेमदराच्या दोन ओळी दिसतात, ‘आर फ्रेम रेट’ आणि ‘अ‍ॅव्हरेज फ्रेम रेट’. दोन्हींत फरक दिसला तर फोनने बदलत्या गतीने चित्रण केल्याचा दाट संशय घ्या. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेम कमी करतो, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात राम मारुती रोडवर फोन तापतोच. नुसतं बघताना हे जाणवत नाही. पण कायम गती गृहीत धरणाऱ्या संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये टिपरू ढोलावर पडतं आणि आवाज मागून येतो, तोही क्लिप पुढे जाईल तसा जास्तच मागून.

तक्ता समोर असला की निर्णय सोपा होतो. सगळ्या क्लिपा एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच सेटिंगच्या असतील तर यादीची फाइल करून ‘कॉन्कॅट’ डीमक्सर (यादीतल्या फायली एकामागे एक वाचणारा भाग) आणि ‘-सी कॉपी’ वापरा. पुन्हा एन्कोडिंग नाही, दर्जात घट नाही, काम मिनिटांत. फोन वेगवेगळे असतील तर हा मोह टाळा. कॉपी करून जोडलेली फाइल तयार होते, त्रुटीही फार दिसत नाहीत, पण दुसरी क्लिप दुप्पट वेगाने पळते किंवा आवाज गायब होतो. मूकपणे बिघडलेली अशी फाइल उघड त्रुटीपेक्षा वाईट, कारण ती ग्रुपवर गेल्यावर कळते. म्हणून आधी प्रत्येक क्लिप एका साच्यात आणा: १९२० बाय १०८०, ३० फ्रेम कायम, पिक्सेल फॉरमॅट युव्ही४२०पी, आवाज ४८००० हर्ट्‌झ. उभ्या क्लिपांना बाजूला काळ्या पट्ट्या द्या. दर्जासाठी ‘सीआरएफ’ हा आकडा वापरा, तो जितका लहान तितका दर्जा वर. लिबएक्स२६४ मध्ये तो न सांगता २३ असतो, मी असल्या गर्दीच्या चित्रणाला २० ठेवतो. सीआरएफ दर्जा धरून ठेवतो, आकार नाही. त्यामुळे उडत्या पाकळ्या आणि शेकडो पताकांची क्लिप शांत तलावपाळीच्या क्लिपेपेक्षा कितीतरी मोठी निघाली तर ती चूक समजू नका.

कापाकापीचं थोडक्यात. ‘-सी कॉपी’ने कापलं तर काप नेमक्या सेकंदावर न पडता कीफ्रेमवर, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावर, पडतो, म्हणून सुरुवातीला चित्र गोठलेलं दिसू शकतं. नेमका काप हवा असेल तर तेवढा भाग पुन्हा एन्कोड करा.

काही त्रुटींची उत्तरं हाताशी ठेवा. ‘मूव अ‍ॅटम नॉट फाउंड’ म्हणजे चित्रण मध्येच तुटलं आणि शेवटी लिहायची अनुक्रमणिका लिहिलीच गेली नाही. अनट्रंक नावाचं साधन अशी फाइल पुष्कळदा वाचवतं, पण त्याला त्याच फोनची, त्याच सेटिंगची एक धड क्लिप नमुन्याला लागते. म्हणून प्रत्येकाकडून एक छोटी क्लिप आधीच मागून ठेवा. ‘हाइट नॉट डिव्हिजिबल बाय टू’ आलं तर आकार बदलणाऱ्या ‘स्केल’ फिल्टरमध्ये -१ च्या जागी -२ लिहा. ‘अनसेफ फाइल नेम’वर ‘-सेफ ०’. यादीतली एकेक फाइल घेऊन तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा लूप पहिल्या फायलीनंतर वेड्यासारखा वागू लागला, नावांची पहिली अक्षरं खाऊ लागला, तर एफएफएमपेग लूपचा इनपुट स्वतःच गिळतंय, ‘-नोएसटीडीइन’ घाला.

मराठी अक्षरांना वेगळा वेळ द्या. जुन्या आवृत्तींतल्या ‘ड्रॉटेक्स्ट’ या चित्रावर अक्षरं लिहिणाऱ्या फिल्टरने ‘स्वागतयात्रा’ लिहून बघा, जोडाक्षरं सुटी पडलेली आणि वेलांटी भलतीकडे गेलेली दिसेल. त्यापेक्षा उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि लिबअ‍ॅस या उपशीर्षकांच्या लायब्ररीवर चालणारा ‘सबटायटल्स’ फिल्टर वापरा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा फॉन्ट मशीनवर बसवा आणि फिल्टरमध्ये त्याचं नाव स्पष्ट द्या, नाहीतर चौकोन छापून येतात. विंडोजवर फिल्टरमध्ये ‘सी:’पासूनचा पूर्ण मार्ग दिला की तो विसर्गासारखा दिसणारा कोलन सगळं बिघडवतो; एसआरटी असलेल्या फोल्डरमध्येच टर्मिनल उघडून नुसतं नाव द्यावं, हे बरं.

रात्रभर काम लावणार असाल तर लॅपटॉप चार्जरवर, कडक जागेवर, पंख्याखाली ठेवा आणि झोपायला जाण्याची सेटिंग बंद करा. वीज जाण्याची शक्यता धरून मधल्या फायली एमपी४ ऐवजी एमकेव्ही या डब्यात लिहा. अर्धवट राहिलेली एमकेव्ही लिहून झाली तिथपर्यंत चालते, अर्धवट एमपी४ सहसा उघडत नाही. पूर्ण काम लावण्याआधी ‘-टी ३०’ देऊन ३० सेकंदांचा नमुना काढा, तोही ढोलाचा भाग घेऊन, कारण चित्र आणि आवाजाचा मेळ तिथेच कळतो.

शेवटची एमकेव्ही कॉपी करून एमपी४ करताना ‘फास्टस्टार्ट’ लावा, म्हणजे अनुक्रमणिका पुढे येते आणि लिंक उघडल्यावर व्हिडिओ पूर्ण उतरायची वाट न बघता सुरू होतो. तयार फाइल ‘-एफ नल’ देऊन एकदा सगळी डीकोड करून बघा. काही तुटलं असेल तर ओळी उमटतील. सोसायटीच्या हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचं असेल तर पेनड्राइव्हची पद्धत विचारा: टीव्ही फॅट३२च वाचत असेल तर ४ जीबीच्या आत दोन भाग करावे लागतील, आणि तो काप ढोलपथकाच्या मधोमध न येता चित्ररथ संपल्यावर यावा.