उत्तर कॅनडातल्या नद्या आणि दलदली रेखाटताना या चुका टाळा

मुलुंडच्या घरात रात्री पंखा पाचावर असतो आणि लॅपटॉपवर मॅकेन्झी नदीचं खोरं. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येते अशा खुल्या नकाशावर, रोज तासभर मी तिथली नदी-नाले रेखाटते. त्या भागात मैलोन्‌मैल वस्ती नाही, त्यामुळे चुकीची रेघ पुढे कोणाच्या नजरेस पडेल याची खात्री नसते. म्हणून आधीच जपायला हवं.

सगळ्यात मोठी चूक दिशेची, आणि ती मीही केली आहे. एक उपनदी स्क्रीनवर वरून खाली ओढली. नकाशात वर उगम आणि खाली समुद्र, असं मनानं धरलंच होतं. पण मॅकेन्झी ग्रेट स्लेव्ह लेकमधून निघते आणि १७३८ किलोमीटर वाहून उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. रेघ ज्या दिशेनं ओढाल त्याच दिशेनं पाणी वाहतं असं धरलं जातं. उलटी झाली असेल तर रेघ निवडून आयडीमध्ये 'व्ही' दाबा, जोसममध्ये 'आर' (ही दोन्ही नकाशा संपादनाची साधनं). दिशेचा अंदाज येत नसेल तर संगम बघा. उपनद्या बहुधा प्रवाहाच्या दिशेला झुकून मिळतात.

दुसरी चूक तारखेची. आपल्याला पूर म्हटलं की पाऊस आठवतो. तिकडे मे-जूनच्या सुमारास बर्फ सुटतो, तोही दक्षिणेकडे आधी. पुढचं पात्र अजून गोठलेलं असतं, तिथे बर्फाचे तुकडे अडकतात आणि पाणी काठाबाहेर पसरतं. त्या दिवसांतल्या उपग्रहचित्रावरून काठ आखलात तर पुराचंच पात्र काढाल. ऑगस्टचं सेंटिनेल-२ या उपग्रहाचं चित्र शेजारी उघडा. त्याचा एक पिक्सेल १० मीटरचा, त्यामुळे काठासाठी ते चालतं, बारीक ओढ्यांसाठी नाही.

दलदलीचंही तसंच. ठाणे खाडीतली तिवरं आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल आपण एकच म्हणणार नाही. मग तिथल्या सगळ्या ओल्या जमिनीला 'बॉग' का लावायचं? बॉगला पाणी मुख्यतः पावसा-बर्फाचं, वर स्फॅग्नम शेवाळ. फेन या दुसऱ्या प्रकारच्या दलदलीला जमिनीतून झिरपणारं पाणीही मिळतं. काही फेनमध्ये उताराला आडव्या, बांधासारख्या पट्ट्या दिसतात. ठरवता आलं नाही तर नुसती पाणथळ जागा नोंदवा, उपप्रकार रिकामा सोडा.

एका रेघेत २००० पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत, मोठा काठ तुकड्यांत काढा. गूगलच्या नकाशावरून काहीही उतरवू नका. आणि सेव्ह केल्यावर तळं दिसेनासं झालं, तर रिलेशनची (अनेक रेघा एकत्र बांधणाऱ्या नोंदीची) बाहेरची कडी कुठेतरी उघडी राहिली आहे का ते आधी तपासा. बेटं बुजली असतील तर त्यांना त्या रिलेशनमध्ये 'इनर', म्हणजे आतल्या कडीची, भूमिका दिलेली नसते.