क्रूझला जायचंय? आधी जहाज कुठं कुठं लागतंय ते बघा, मग कागद काढा

आमच्या दाजींची साठी झाली म्हणून सगळ्या घराला क्रूझवर न्यायचं ठरलं आणि घरातलं रेल्वेचं रिझर्वेशन मीच करतो म्हणून हे काम पण माझ्याच गळ्यात आलं. अकरा माणसं. पैसे भरायला दहा मिनिटं लागली, पण अकरा जणांचे कागद जुळवता जुळवता तीन आठवडे गेले बघा. तेव्हापासून परभणीत आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी क्रूझचं नाव जरी काढलं की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आधार चालतंय का?"

आता ह्याला हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. आधी मला सांगा जहाज कुठं चाललंय. कुठून सुटतंय ते नाही, मधी कुठं कुठं लागतंय आणि शेवटी कुठं उतरवतंय ते. मुंबईहून सुटलं म्हणजे देशातलंच, असं काही नसतं.

जहाज भारतातच फिरणार असेल, म्हणजे मुंबई-गोवा, मुंबई-कोची, किंवा नुसतं समुद्रात चक्कर मारून परत मुंबई, तर पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदान कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, ह्यातलं एक ओरिजिनल बास झालं. पासपोर्ट असला तर तो पण चालतोच. पॅनकार्डावर मात्र भिस्त ठेवू नका. रेल्वेत टीसीला पॅनकार्ड दाखवून आपली सवय झालेली असते, पण पॅनवर पत्ताच नसतो, त्यामुळं क्रूझवाले ते घेत नाहीत असंच धरून चाला. ऑफिसचं आयकार्ड, बँकेचं फोटोवालं पासबुक, रेशनकार्ड, हे पण घरीच राहू द्या.

लक्षद्वीपचं थोडं वेगळं आहे. ते भारतातच आहे, पासपोर्ट-व्हिसा काही नाही, पण तिथं बाहेरच्या माणसाला परमिट लागतं, १९६७ पासूनचा नियम आहे. पॅकेज असलं तर बहुतेक वेळा कंपनीच परमिट काढून देते, पण त्याच्यासाठी आधीच तुमच्याकडून ओळखपत्राची कॉपी, फोटो वगैरे मागतात. तो मेसेज आला की उद्या बघू म्हणून ठेवू नका. आणि परमिटला जे कार्ड दिलं तेच कार्ड सोबत घ्या. तिकडं आधार दिलं आणि बंदरावर लायसन्स काढलं तर उगंच काउंटरवर चर्चा सुरू होते.

जहाज परदेशातल्या एका जरी बंदराला लागत असेल तर विषय संपला, पासपोर्ट. चेन्नईहून श्रीलंकेला जातात त्या क्रूझ, सिंगापूरहून मलेशियाकडं जातात त्या, दुबईच्या, युरोपातल्या, सगळीकडं पासपोर्टच. आधार तिथं कुणी हातात पण घेत नाही. "पण आम्ही खाली उतरणारच नाही ना, जहाजावरच बसून राहू," असं आमच्या मावशी म्हणाल्या होत्या. तसं चालत नाही मावशी. जहाजात पाय ठेवायच्या आधीच पुढच्या सगळ्या बंदरांचे कागद तपासतात, तुम्ही उतरा नाहीतर झोपून राहा.

आता खरी गोष्ट सांगतो. आपल्या मराठवाड्यात कागद नाहीत असं माणूस आता सापडायचं नाही. प्रत्येकाकडं चार कार्ड आहेत. अडचण ही आहे की चार कार्डांवर चार वेगवेगळी माणसं आहेत. आधारवर 'शांताबाई', मतदान कार्डावर 'शांता', पॅनवर बापाचं नाव मधी, बँकेत नवऱ्याचं. माहेरचं आडनाव एकीकडं, सासरचं दुसरीकडं. देशमुखचं इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन प्रकारचं निघालं आमच्या.

आणि जन्मतारीख! आपल्याकडं पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, कामून ते सगळ्यांना माहीत आहे, शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजींनी लिहिली ती तारीख. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांना ती पण नाही. सुरुवातीच्या काळात काढलेल्या बऱ्याच आधार कार्डांवर तर तारीखच नाही, नुसतं जन्म वर्ष छापलेलं आहे. दाजींच्या आईचं, आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्यांचं असंच होतं. वेब चेक-इनच्या फॉर्ममध्ये पूर्ण तारीख मागितली तर मी काय केलं, डोकं न लावता १ जून टाकून दिली, म्हणलं सगळ्यांची तीच असते. नंतर सहज म्हणून त्यांचं आधार नव्यानं डाउनलोड केलं तर त्याच्यावर १ जानेवारी. आता कार्डावर एक आणि बुकिंगवर एक. चूक माझीच, पण ती दुरुस्त करायला कस्टमर केअरला चार फोन, दोन ईमेल आणि "सर, आप लाइन पे बने रहिए".

म्हणून माझं ऐका, बुकिंगच्या आधी हे करा. प्रत्येक माणसामागं एकच कार्ड ठरवा. जे कार्ड ठरलं ते हातात घ्या, समोर ठेवा आणि त्याच्यावरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर बघून बुकिंगमध्ये टाका. घरी काय म्हणतात, सातबाऱ्यावर काय आहे, ते सोडून द्या. जन्मतारीख खरी कोणती हा वाद तर घालूच नका, कार्डावर आहे ती खरी. एजंट बुकिंग करणार असेल तर त्याला नावं फोनवर सांगू नका, कार्डाचा फोटो पाठवा आणि तिकीट आलं की लगेच ताडून बघा, कारण नंतर नाव बदलायचे कुठं कुठं पैसे लागतात आणि कुठं बदलूनच देत नाहीत.

कार्डच चुकीचं असेल तर मात्र आधी कार्ड नीट करा. पण आधारमध्ये सारखी सारखी दुरुस्ती होत नाही हे डोक्यात ठेवा. नाव दोनदा बदलता येतं, जन्मतारीख फक्त एकदा. त्यामुळं क्रूझच्या घाईत काहीतरी टाकून ती एकमेव संधी वाया घालवू नका. वय झालेल्या माणसाचं मतदान कार्ड नीट असेल तर सरळ ते वापरा, आधारच पाहिजे असं कुठं आहे?

ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. झेरॉक्स नाही, व्हॉट्सॲपवरचा फोटो तर नाहीच नाही. डिजिलॉकर बऱ्याच ठिकाणी चालतं, पण बंदरावर रेंज गेली, मोबाइल बंद पडला तर काय करता, म्हणून प्लॅस्टिकचं कार्ड खिशात पाहिजे. आधारचं पीव्हीसी कार्ड ऑनलाइन मागवता येतं, पोस्टानं घरी येतं, फक्त ते चार दिवस आधी मागवून चालत नाही. आमचा भाचा पुण्यात शिकतो, तो सुट्टीला परभणीला आलेला. आमची मुंबईची गाडी, देवगिरी एक्सप्रेस, जालन्याच्या पुढं गेली तेव्हा साहेबांना आठवलं की आधार पुण्यातल्या रूमवर आहे, पाकिटात झेरॉक्स आहे. त्याचा रूममेट बिचारा पहाटेच्या गाडीनं कार्ड घेऊन मुंबईला आला. त्या पोराला आम्ही सीएसएमटीवर पोटभर नाश्ता दिला आणि भाच्याला दाजींनी दिवसभर जे दिलं ते इथं लिहिता येत नाही. तेव्हा गाडीत बसल्यावर नाही, घरातून निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांची कार्डं टेबलवर मांडा.

लेकरांचं पण बघा. पाच वर्षांच्या आतल्यांचं निळं बाल आधार असतं, नसेल तर जन्म दाखला ओरिजिनल ठेवा, मी तर दोन्ही ठेवायला सांगतो. पोरगं आईबापाशिवाय आजीआजोबांसोबत किंवा मामासोबत येत असेल तर आईबापाच्या सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची कॉपी लागू शकते, बुकिंग करतानाच कंपनीला विचारून घ्या. घरात कुणाला दिवस गेलेले असतील तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि बहुतेक क्रूझवर २४ आठवड्यांच्या पुढं घेतच नाहीत. हे ओळखपत्रात येत नाही, पण लोक हे सगळ्यात शेवटी विचारतात म्हणून आत्ताच सांगितलं.

आता पासपोर्टवाल्यांसाठी. पासपोर्ट आहे म्हणून निवांत बसू नका, उघडून तारीख बघा. प्रवास संपल्यावर पुढं किमान सहा महिने तरी तो चालू पाहिजे, बहुतेक ठिकाणी हाच हिशोब धरतात. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो हे माहीत असतं, पण लेकरांचा पाचच वर्षं चालतो हे विसरतात. पोरगं तीन वर्षांचं असताना काढलेला पासपोर्ट, आता ते चौथीत गेलं तरी आईबाप म्हणतात "आहे की पासपोर्ट". पानं फाटलेली, भिजलेला, कव्हर सुटलेला असेल तर तो पण बदलून घ्या.

नवीन काढायचा असेल तर मोठ्यांच्या ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वरून २००० म्हणजे ३५००. पूर्वी ह्या कामाला किती लांब जावं लागायचं ते आठवा, २०१७ पासून पोस्टातच पासपोर्ट केंद्रं उघडायला लागली म्हणून आता बरंय. जन्माच्या पुराव्याचा एक नवा नियम आहे, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्म दाखलाच लागतो, मोठ्यांना दुसरे कागद पण चालतात. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. आपल्याकडच्या जुन्या माणसांचे असे एकाच नावाचे पासपोर्ट सापडतात, आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून दुबईवाले, म्हणजे सगळी युएईच, असा पासपोर्ट असलेल्याला टुरिस्ट व्हिसावर आत घेत नाही.

व्हिसात क्रूझवाले फसतात ते एकाच जागी, सिंगल एंट्री. विचार करा, तुम्ही विमानानं सिंगापूरला उतरलात, ही झाली एक एंट्री. तिथून जहाजात बसून मलेशियाला गेलात, परत त्याच जहाजानं सिंगापूरला आलात, ही दुसरी. व्हिसा एकाच एंट्रीचा असेल तर दुसऱ्या वेळेस आत कसं येणार? दुबईहून सुटून मस्कतला लागून परत दुबईला येणाऱ्या क्रूझचं तेच. ग्रीसहून सुटून तुर्कस्तानात कुशादासीला लागून परत ग्रीसला, तिथं शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो एकच व्हिसा, मल्टिपल एंट्रीचा आणि तुर्कस्तानचं वेगळं बघायचं. एजंटला "व्हिसा झाला का" असं विचारू नका, "मल्टिपल एंट्री आहे का" असं विचारा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि अगदी उशिरा म्हणजे पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर कुणी थांबू नये.

सिंगापूरला अजून एक, व्हिसा असला तरी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते सरकारी साइटवर फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या बऱ्याच साइट्स गुगलवर वरतीच दिसतात, त्यांना पैसे देऊ नका.

आणि इंग्रजीत वाचून येणाऱ्या पुतण्यांसाठी खास. अमेरिकेच्या बंदरातून सुटून त्याच बंदरात परत येणाऱ्या क्रूझला जन्म दाखला आणि फोटो ओळखपत्रावर जाता येतं, हे वाचलं असेल तर खरं आहे, पण ते अमेरिकेच्या नागरिकांसाठी. तुमचं परभणी नगरपालिकेचं जन्माचं सर्टिफिकेट मायामीत कुणी विचारणार नाही. आपल्याला पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा लागणारच. तिकडं राहणाऱ्या पोराकडं आईबाप गेले आणि त्यानं क्रूझ ठरवली की हा घोळ हमखास होतो, कारण त्याला त्याच्या नियमाची सवय झालेली असते.

शेवटचं, बंदरावरचं. मुंबईत बॅलार्ड पिअरला जायचं असतं, सीएसएमटीहून जवळच आहे, टॅक्सीनं काहीच लागत नाही. तिथं मोठ्या बॅगा सुरुवातीलाच काढून घेतात आणि त्या थेट रूमवर येतात, ते पण काही तासांनी. म्हणून ओळखपत्र बॅगेत ठेवायचंच नाही. परदेशी क्रूझवर कधी कधी पासपोर्ट जहाजवाले स्वतःकडं ठेवून घेतात, घाबरायचं नाही, पण त्याची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो असू द्या. आमच्या बाईंनी आधार चंचीत, सुपारीच्या शेजारी ठेवलं होतं. काउंटरवर सगळे पाकिटं चाचपायलेत, कुणी मोबाइल उघडायलंय, आणि बाईंचं कार्ड सगळ्यांच्या आधी बाहेर. थोडा चुना लागलेला होता, तेवढं काउंटरवरच्या पोरीनं पुसून घेतलं.