सोलापुरात बंदुकीचं लायसन काढायचं असेल तर

आमची वस्ती मोहोळ साईडला, गावापासून तीन किलोमीटर आत. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर रात्री चोर आले, 112 ला फोन लावला, गाडी आली पण तोवर चोर ऊसातनं पसार. पोलिसांना तरी काय बोलणार, एक गाडी आन एवढी गावं. तेव्हापासून घरात एकच विषय, लायसन काढू. मी सगळी माहिती काढली म्हणून लिहितोय, इन्स्टावर पिस्तूलसोबत फोटो टाकायचा असेल तर पुढं वाचूच नका.

आधी बघा तुम्ही कुठं येता. सोलापूर शहरात असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात आन ग्रामीणला असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. वय 21 पूर्ण पाहिजे. फॉर्म ऑनलाईन भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, मेडिकल सर्टिफिकेट (डोकं ठिकाणावर आहे हे पण त्यात येतं बरं का), मग पोलीस ठाण्याकडनं चौकशी. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो.

अर्जातलं कारण नीट लिहा. नुसतं "भीती वाटते" लिहून काय होत नाही, धमकी आली असेल तर तक्रारीची कॉपी, चोरी झाली असेल तर एफआयआर, मार्केट यार्डातनं कांद्याची रोकड घेऊन रात्री यावं लागतं तर माल विकल्याच्या पट्ट्या (पावत्या) जोडा. आन सातबारा मोठा असेल तरच लायसन मिळतं हे साफ खोटं, फक्त मालमत्ता कमी म्हणून अर्ज नाकारता येत नाही असं आर्म्स अॅक्टच्या कलम 14 मध्येच आहे. नाकारलं तर लेखी कारण मागा, अपील करता येतं.

मिळालं तर 5 वर्षं चालतं, एका माणसाला दोनच शस्त्रं, 2019 च्या आधी तीन चालायची. वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत जेल नाहीतर लाखापर्यंत दंड, कधी दोन्ही पण. गावठी कट्टा (पिस्तूल) स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी ऐका, विनापरवाना सापडला तर कमीत कमी दोन वर्षं आत. रानडुकराचा विषय वेगळा, हातात लायसन असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालायची नाही.

आता खरी गोची. बंदूक आहे म्हणून चोर दिसला की घातली गोळी असं नसतंय. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची आहेत. रात्री दार फोडून कोणी घरात घुसतोय, जिवावर बेततंय, तिथं कायदा तुमच्या बाजूनं. पण विहिरीवरची पाण्याची मोटर चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात तुम्हीच आरोपी म्हणून उभे राहाल. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच लागू होत नाही, म्हणून गाडी उशिरा येणार हे माहीत असलं तरी 112 ला फोन आधी लावा, कॉलची वेळ नोंद राहते.

लायसन येईपर्यंत पोलीस पाटलाकडं जाऊन ग्राम सुरक्षा यंत्रणेत घरातले सगळे नंबर टाकून घ्या. एक फोन केला की तुमचा आवाज गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर जातो, आमच्याकडं आता दहा मिनिटांत वीस पोरं काठ्या घेऊन येतात.

आन हो, निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात. पावती जपून ठेवा, परत घेताना तीच मागतात.