लष्करी तळाची फायर सेफ्टी हातात आली की आधी काय करायचं

बरीच वर्षं आगी विझवल्या की एक दिवस हातातला होज जाऊन फाइल येते, आणि खरी गडबड तिथेच सुरू होते. पहिला आठवडा ऑफिसात बसूच नका. तळ पायी फिरा, हँगर, फ्युएल टँक, दारूगोळ्याची कोठारं सगळं बघा, हायड्रंटचा (आगीसाठी पाणी घ्यायच्या नळाचा) व्हॉल्व्ह स्वतः फिरवा, कारण रजिस्टरवर ओके लिहिलेलं असतं आणि व्हॉल्व्ह गंजून बसलेला असतो.

मग टायमिंग. रनवेच्या कुठल्याही टोकाला फायरची गाडी ३ मिनिटांच्या आत पोचली पाहिजे, जमलं तर २, हे आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) माप सिव्हिल विमानतळांसाठी आहे पण आपल्याला चाचणीला बरं पडतं. ड्रिल न सांगता घ्या, रात्री, शिफ्ट बदलताना. शिव्या पडतील, पडू द्या.

आणि ट्रेनिंग फक्त फायर क्रूला नको. १९६७ मध्ये फॉरेस्टल या अमेरिकन विमानवाहू जहाजावर रॉकेट चुकून सुटलं, इंधन पेटलं, साधारण दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला आणि ट्रेनिंग झालेले बरेच फायरवाले तिथेच गेले, मग उरलेल्यांनी जिवावर उदार होऊन पाणी मारलं पण त्या पाण्याने आग दाबायला पसरलेला फोमच धुऊन गेला. १३४ माणसं गेली. त्यामुळे स्वयंपाक्यापासून क्लार्कपर्यंत सगळ्यांना शिकवा की पेटलेल्या इंधनावर फोम पसरला की त्यावर पाणी मारायचं नाही.

हां, स्टोअरमध्ये जुना एएफएफएफ फोम (इंधनाच्या आगीवर मारायचा) असेल तर त्यात पीएफएएस नावाचं न विघटणारं केमिकल असतं, ड्रिलला तो उडवू नका, जमिनीत मुरतं आणि जात नाही.