फळमाशीच्या भ्रूणातले ठिपके मोजायला बसण्याआधी

पीएचडीच्या सुरुवातीला मी फळमाशीच्या भ्रूणात हंचबॅक हे जनुक किती चालतं ते मोजत होते. जनुक चाललं की त्याच्या संदेशाच्या प्रती, म्हणजे एमआरएनए, निघतात; चमकणारे प्रोब (त्यांना ओळखून चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) या एमआरएनएला चिकटतात आणि मायक्रोस्कोपखाली ठिपके दिसतात. शेजारशेजारची दोन केंद्रकं, हंचबॅकला चालू करणाऱ्या बायकॉइड प्रथिनाची मात्रा जवळपास सारखी, तरी एकातला ठिपका लखलखीत आणि दुसऱ्यातला जेमतेम. मला वाटलं, आपलाच हात अजून बसलेला नाही.

काही अंशी ते खरंच होतं. पंचवीस अंश सेल्सियसला केंद्रकांच्या विभाजनाचं तेरावं चक्र जेमतेम वीस मिनिटांचं असतं. मी मात्र तासाभरात गोळा केलेली सगळी अंडी एकत्र मोजत होते, त्यामुळे वयातला फरक मला जनुकाचा लहरीपणा वाटत होता. तीन महिन्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागले. म्हणून आधी केंद्रकांची दाटी मोजून प्रत्येक भ्रूणाचं वय ठरवा. मग एकाच एमआरएनएवर एकाआड एक प्रोब दोन रंगांचे लावा. खरा ठिपका दोन्ही रंगांत दिसायला हवा. दोन रंगांच्या आकड्यांत जेवढी तफावत येईल, तेवढी तुमच्या मोजण्यातली चूक.

हे सगळं केल्यावरही फरक उरला. जनुक सतत चालत नाही. ते झटक्यात जागं होतं, भराभर एमआरएनए काढतं आणि पुन्हा गप्प बसतं. जनुकाची आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत एकाच केंद्रकात असूनही आपापल्या वेळेने जाग्या होतात, म्हणजे हा फरक परिस्थितीतला नाही, जनुकाच्या चालण्यातलाच आहे! २००२ साली एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत सारख्याच प्रमोटरला (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) दोन रंगांच्या प्रथिनांची जनुकं जोडून हाच युक्तिवाद केला होता. तो प्रयोग नीट समजून घ्या, पुढचं बरंच सोपं जातं.

मला आजही भारावून टाकतं ते वेगळंच. एवढ्या लहरी जनुकातून हंचबॅक जिथे चालू असतं आणि जिथे बंद, त्यांमधली सीमा मात्र भ्रूणाच्या मध्याजवळ रेखीव उमटते. पहिल्या तेरा विभाजनांत फक्त केंद्रकांची संख्या वाढते, त्यांच्यामध्ये पेशींची पटलं नसतात. त्यामुळे एमआरएनए आणि प्रथिनं साठतात, शेजाऱ्यांत मिसळतात आणि चढउतार सरासरीत विरतात.

जीवशास्त्रातून येणाऱ्यांनी पहिल्याच सत्रात पॉइसाँ वितरण (एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना निव्वळ योगायोगाने किती वेळा घडतील याचं गणित) शिकून घ्यावं. सरासरी शंभर असेल तर निव्वळ योगायोगानेही दहाच्या आसपास प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा साधारण फरक) येतं. त्याहून जास्त आलं, तर आधी भ्रूणांची वयं पुन्हा तपासा आणि मगच झटक्यांचा विचार करा.